सर्वाधिकारी 'रूट' ते सूक्ष्म विशेषाधिकार : युनिक्स-परंपरेतील अधिकारविभाजन व त्याच्या पडताळणीचा इतिहास

सारांश

युनिक्स-परंपरेतील संचालन प्रणालींमध्ये, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये, 'रूट' या एकाच वापरकर्त्याकडे सर्व अधिकार एकवटलेले होते. हे अधिकार लहान लहान भागांत विभागून सामान्य वापरकर्त्याच्या प्रक्रियेला नेमके हवे तेवढेच देण्याचे प्रयत्न पुढील काळात झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, अशी सोय एखाद्या प्रणालीत आहे किंवा नाही हे प्रोग्रॅमने कसे ओळखावे, या तुलनेने दुर्लक्षित प्रश्नावर भर दिला आहे. १९९८ मध्ये पॉझिक्सचा मसुदा मागे घेतला गेल्यानंतर या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर राहिले नाही. २००० मध्ये सेंडमेल प्रोग्रॅमच्या संदर्भात उघड झालेला दोष हे दाखवतो की, प्रणालीच्या होकारावर विसंबणे पुरेसे नाही. परिणाम तपासावा लागतो.

बीजसंज्ञा : रूट, विशेषाधिकार, किमान अधिकाराचे तत्त्व, केपेबिलिटी, पॉझिक्स, पडताळणी.

१. प्रस्तावना

कायदेशीर व्यवहारात मुखत्यारपत्राचे दोन प्रकार परिचित आहेत. कुलमुखत्यारपत्र धारण करणारा माणूस मूळ मालकाच्या वतीने जवळजवळ सर्व व्यवहार करू शकतो. विशेष मुखत्यारपत्र मात्र एखाद्याच कामापुरते, उदाहरणार्थ एका दस्ताच्या नोंदणीपुरते, मर्यादित असते. ज्याला केवळ दस्त नोंदवायचा आहे त्याच्या हाती कुलमुखत्यारपत्र देणे शहाणपणाचे नाही, हे सांगण्यासाठी कायद्याच्या अभ्यासाची गरज नसते. तथापि संगणकाच्या क्षेत्रात, विशेषतः युनिक्स व तिच्या वंशातील प्रणालींमध्ये, अनेक दशके नेमका हाच व्यवहार रूढ होता. घड्याळाची वेळ बदलणे, जाळ्यावरील एखादा राखीव क्रमांक वापरणे किंवा फाईलची मालकी बदलणे यांपैकी कोणत्याही एका कामासाठी प्रोग्रॅमला 'रूट'चे संपूर्ण अधिकार द्यावे लागत.

या कुलमुखत्यारपत्राचे तुकडे करून प्रत्येक कामासाठी वेगळे विशेष मुखत्यारपत्र देण्याची व्यवस्था म्हणजे सूक्ष्म विशेषाधिकार होत. या व्यवस्थेविषयी लिहिताना ती कोणी व केव्हा आणली याची चर्चा प्रामुख्याने होते. परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे त्याआधी एक अधिक व्यावहारिक प्रश्न उभा असतो. ज्या यंत्रावर हा प्रोग्रॅम चालणार आहे, तेथे अशी सोय आहे काय? ती आहे असे समजून चालावे आणि ती नसावी, असे झाले तर सुरक्षिततेचा संपूर्ण डोलारा कोसळतो. म्हणून या प्रश्नाच्या उत्तराचाही इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) एकवटलेल्या अधिकाराकडून विभागलेल्या अधिकाराकडे झालेल्या वाटचालीचे टप्पे निश्चित करणे.
२) सूक्ष्म विशेषाधिकारांची उपलब्धता तपासण्याच्या विविध पद्धतींचा तौलनिक विचार करणे.
३) या तपासणीतील उणिवांचे परिणाम एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. युनिक्स, व्हीएमएस, आयरिक्स, सोलॅरिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स, लिनक्स व फ्रीबीएसडी या प्रणालींपुरती विवेचनाची व्याप्ती मर्यादित आहे.

३. वैचारिक पार्श्वभूमी

अधिकार विभागण्याची कल्पना युनिक्सपेक्षा जुनी आहे. १९६६ मध्ये जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी बहुप्रोग्रॅमी संगणनावरील आपल्या लेखात 'केपेबिलिटी' ही संज्ञा वापरली. एखाद्या वस्तूचा निर्देश आणि ती वापरण्याचा अधिकार या दोन्ही गोष्टी एकाच चिन्हात असाव्यात, असा तिचा मूळ अर्थ होता. याच दशकात एमआयटी, बेल लॅबोरेटरीज व जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या मल्टिक्स प्रणालीत अधिकारांची एकात एक गुंफलेली वलये होती. आतील वलयातील प्रोग्रॅमला अधिक अधिकार आणि बाहेरील वलयातील प्रोग्रॅमला कमी, अशी ती रचना होती.

मल्टिक्सच्या अनुभवातूनच जेरोम सॉल्ट्झर यांनी १९७४ मध्ये किमान अधिकाराचे तत्त्व मांडले. पुढे १९७५ मध्ये सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी संगणकीय माहितीच्या संरक्षणावरील प्रदीर्घ लेखात त्याची पुनर्मांडणी केली. प्रत्येक प्रोग्रॅमने व प्रत्येक वापरकर्त्याने आपले काम पार पाडण्यास आवश्यक तेवढ्याच अधिकारांनिशी वावरावे, हे या तत्त्वाचे सार होय. तत्त्व म्हणून ते सर्वांनी मान्य केले. आचरणात येण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला.

४. युनिक्समधील एकवटलेला अधिकार

बेल लॅबोरेटरीजने १९६९ मध्ये मल्टिक्स प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्सची उभारणी सुरू केली. मल्टिक्सच्या तुलनेत साधेपणा हे युनिक्सचे वैशिष्ट्य होते आणि अधिकारांच्या बाबतीतही तोच साधेपणा तिने स्वीकारला. ज्या प्रक्रियेचा वापरकर्ता-क्रमांक शून्य आहे तिला सर्व काही शक्य, आणि इतर सर्व प्रक्रियांना परवानग्यांच्या नियमांचे बंधन, अशी ही विभागणी होती.

ही विभागणी जशीच्या तशी ठेवली असती तर सामान्य वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्डही बदलता आला नसता, कारण पासवर्डची फाईल रूटच्या मालकीची असते. या अडचणीवर रिची यांनी 'सेट-यूआयडी' हा उपाय शोधला. फाईलवर एक विशिष्ट खूण असली की तो प्रोग्रॅम, चालवणारा कोणीही असो, फाईलच्या मालकाच्या अधिकारानिशी चालतो. या कल्पनेसाठी १९७३ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर १९७९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. उपाय अत्यंत सुबक होता; परंतु त्याने कुलमुखत्यारपत्राची प्रथा पक्की केली. पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमला एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची असे आणि त्यासाठी त्याच्या हाती संपूर्ण यंत्र दिले जाई. बीएसडी युनिक्सने १०२४ च्या खालील पोर्ट क्रमांक रूटसाठी राखून ठेवल्यानंतर टपाल व फाईल-वहन यांसारख्या सेवाही रूटच्या अधिकाराने सुरू करणे भाग पडले. अशा प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहिली तर ती चूक हेरणाऱ्याला त्या सेवेपुरता नव्हे, तर सर्वच अधिकार मिळू लागला.

५. पर्यायी परंपरा : व्हीएमएस

याच काळात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने निराळा मार्ग चोखाळला होता. १९७८ मध्ये व्हॅक्स संगणकांसाठी वितरित झालेल्या व्हीएमएस प्रणालीत विशेषाधिकारांची नावनिशीवार यादीच होती. परिचालनाची कामे, सर्व फाईल-संरक्षण ओलांडण्याची मुभा, इतर प्रक्रियांवरील नियंत्रण यांसाठी स्वतंत्र अधिकार होते आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदीत त्याला कोणते अधिकार मंजूर आहेत हे लिहिलेले असे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने व्हीएमएसचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. चालू प्रक्रियेजवळ अमुक अधिकार आहे काय, असे विचारून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळवण्याची सोय तिच्या आज्ञाभाषेतच होती. अधिकार आणि त्याविषयीची विचारणा या दोन्ही गोष्टी एकाच उत्पादकाने एकत्र घडवल्या असल्याने तेथे संदिग्धतेला वाव नव्हता. व्हीएमएसच्या रचनाकारांपैकी डेव्हिड कटलर हे १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये प्रत्येक प्रक्रियेच्या ओळखचिन्हासोबत विशेषाधिकारांची यादी आढळते, ती याच परंपरेशी जुळणारी आहे.

युनिक्सच्या गोटातही एक मर्यादित प्रयोग झाला होता. ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्स प्रणालीत विशिष्ट गटाच्या सदस्यांना विशिष्ट अधिकार देता येत असत. प्रक्रियेला वास्तवकालीन अग्रक्रम देणे, स्मृतीचा भाग जखडून ठेवणे, फाईलची मालकी बदलणे असे मोजकेच अधिकार त्यात होते. व्याप्ती लहान असली तरी रूट नसलेल्या वापरकर्त्याला निवडक अधिकार देणारी ही युनिक्समधील एक आरंभीची व्यवस्था म्हणता येईल.

६. पॉझिक्सचा प्रयत्न आणि त्याचे अपयश

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या व १९८५ मध्ये सुधारलेल्या मूल्यमापन-निकषांनी, ज्यांना मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ऑरेंज बुक' म्हटले जाते, वरच्या श्रेणीतील प्रणालींकडून किमान अधिकाराच्या तत्त्वाची अपेक्षा केली. शासकीय खरेदी या निकषांशी जोडलेली असल्याने युनिक्सच्या उत्पादकांना विशेष सुरक्षित आवृत्त्या काढणे भाग पडले. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने अधिकारांचे विभाजन केले. परिणामी एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर निरुपयोगी ठरू लागला.

ही विविधता आटोक्यात आणण्याचे काम आयईईई या संस्थेच्या पॉझिक्स प्रमाणीकरणाकडे आले. १९८८ च्या मूळ पॉझिक्स प्रमाणातच एक दूरदृष्टी दिसते. अमुक कृती 'रूट' करू शकतो असे न म्हणता, 'समुचित विशेषाधिकार' असलेली प्रक्रिया ती करू शकते, अशी शब्दयोजना तेथे आहे. म्हणजे भविष्यातील विभाजनासाठी जागा राखून ठेवली होती. ही जागा भरण्यासाठी नेमलेल्या सुरक्षा-गटाचा मसुदा पुढे १००३.१ई या नावाने ओळखला गेला. त्यात प्रत्येक प्रक्रियेसाठी अधिकारांचे तीन संच कल्पिले होते : अनुज्ञात, प्रभावी आणि वारसायोग्य. प्रक्रियेला जास्तीत जास्त काय मिळू शकते, या क्षणी ती काय वापरत आहे आणि नवा प्रोग्रॅम सुरू करताना पुढे काय जाऊ शकते, असे त्यांचे अनुक्रमे अर्थ होत. फाईललाही असेच संच जोडण्याची तरतूद होती.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मसुद्याची सतरावी आवृत्ती तयार झाली आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मसुदाच मागे घेण्यात आला. या घटनेचे परिणाम दुहेरी झाले. मसुद्यातील कल्पना सर्वत्र पसरल्या, परंतु त्यांना प्रमाणाचे बळ लाभले नाही. पॉझिक्समध्ये एखादी ऐच्छिक सोय उपलब्ध आहे काय, हे चालू प्रणालीला विचारण्यासाठी 'सिसकॉन्फ' नावाचे कार्य आहे. मसुदा संमत झाला असता तर सूक्ष्म विशेषाधिकारांविषयीची विचारणाही सर्व प्रणालींमध्ये याच एका दारातून करता आली असती. ते दार सर्वांसाठी उघडलेच नाही.

सिलिकॉन ग्राफिक्सची आयरिक्स प्रणाली हा या बाबतीत उल्लेखनीय अपवाद होय. मसुद्याच्या आधारे तिने केपेबिलिटींची सोय केली आणि तीन प्रकारच्या मांडण्या मान्य केल्या : जुनी केवळ रूट-प्रधान मांडणी, रूट कायम ठेवून त्याच्या जोडीला केपेबिलिटी असलेली मांडणी आणि रूटला काहीही विशेष स्थान नसलेली मांडणी. 'सोय आहे काय' या प्रश्नाला होय-नाही एवढेच उत्तर पुरत नाही, याची जाणीव या त्रिविध रचनेत स्पष्ट दिसते.

७. सन २००० : सेंडमेल आणि लिनक्स

लिनक्सने १९९९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या २.२ या कर्नलमध्ये पॉझिक्स मसुद्यावर आधारित केपेबिलिटी आणल्या. प्रक्रियांचे तीन संच त्यात होते, मात्र फाईलसोबत अधिकारांची नोंद ठेवण्याची सोय नव्हती. व्यवस्था अर्धी उभी होती आणि या अर्धवटपणातूनच एक गंभीर दोष २००० च्या जूनमध्ये उघडकीस आला.

टपाल पोहोचवणारा सेंडमेल हा प्रोग्रॅम त्या काळी सेट-यूआयडी पद्धतीने रूटच्या अधिकारानिशी चालत असे. धोकादायक काम करण्यापूर्वी तो 'सेट-यूआयडी' ही प्रणाली-हाक देऊन आपला रूटपणा कायमचा सोडून देई आणि सामान्य वापरकर्ता बनत असे. ही शिस्त उत्तम होती. परंतु ओळख कायमची बदलण्याची क्षमता हीसुद्धा लिनक्समध्ये आता एक स्वतंत्र केपेबिलिटी झाली होती. कोणताही सामान्य वापरकर्ता आपल्या वारसायोग्य संचातून ती काढून टाकू शकत होता आणि त्यानंतर सेंडमेल सुरू करू शकत होता. अशा स्थितीत सुरू झालेल्या सेंडमेलजवळ रूटची ओळख असे, पण ती कायमची टाकून देण्याची क्षमता नसे.

यानंतर जे घडे ते अधिक लक्षणीय आहे. सेंडमेलने सेट-यूआयडी ही हाक दिली की कर्नल 'यशस्वी' असे उत्तर देई. प्रत्यक्षात केवळ प्रभावी ओळख बदललेली असे. राखून ठेवलेली रूटची ओळख जागीच राहत असे. सेंडमेलच्या समजुतीप्रमाणे मागचे दार बंद झाले होते, वस्तुतः ते नुसते लोटलेले होते. अधिकार कमी करण्यासाठी निर्माण झालेली व्यवस्था अशा प्रकारे सामान्य वापरकर्त्याला रूटपर्यंत पोहोचवणारी पायवाट बनली. पोलंडमधील वोयचेख पुर्चिन्स्की यांनी हा दोष निदर्शनास आणल्याची नोंद सेंडमेलच्या ८.१०.२ या आवृत्तीच्या माहितीत आहे. कर्नलमध्ये २.२.१६ या आवृत्तीत दुरुस्ती झाली.

सेंडमेलच्या बाजूने केलेला उपाय या निबंधाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. रूटपणा सोडल्यानंतर तो परत मिळवण्याचा प्रयत्न प्रोग्रॅमने स्वतःच करून पाहावा आणि तो प्रयत्न यशस्वी झाल्यास पुढील काम थांबवावे, असे त्याचे स्वरूप होते. कर्नलची आवृत्ती कोणती, केपेबिलिटींची सोय आहे की नाही, ही विचारपूस करण्याऐवजी अपेक्षित परिणाम झाला की नाही याचीच परीक्षा घेण्यात आली. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहण्याची जी सवय घरोघरी असते, तिचेच हे तांत्रिक रूप होय.

या घटनेत दोष कोणाचा, असा प्रश्न उपस्थित करता येईल. सेंडमेलने युनिक्सच्या तीन दशकांच्या संकेतावर विश्वास ठेवला होता आणि कर्नलने नव्या मसुद्याचे नियम पाळले होते. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत होत्या. दोष होता तो जुना संकेत आणि नवा नियम यांच्या सांध्यात. संक्रमणकाळात असे सांधेच सर्वांत दुर्बल असतात.

८. विचारणेच्या विविध रीती

प्रमाणाच्या अभावी प्रत्येक प्रणालीने विचारणेची स्वतंत्र रीत घडवली. त्यांतील प्रमुख रीतींचा येथे विचार केला आहे.

८.१ सोलॅरिस. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ च्या आरंभी वितरित केलेल्या सोलॅरिस १० मध्ये चाळीसहून अधिक विशेषाधिकार होते. त्यांची दोन वैशिष्ट्ये आहेत. पहिले असे की, विशेषाधिकार हे प्रोग्रॅममध्ये कोरलेल्या क्रमांकांनी नव्हे, तर नावांनी ओळखले जातात. त्यामुळे एखादे नाव या प्रणालीला ठाऊक आहे काय, असे प्रत्यक्ष चालतेवेळी विचारता येते आणि नवे अधिकार आले तरी जुने प्रोग्रॅम मोडत नाहीत. दुसरे वैशिष्ट्य अधिक मूलगामी आहे. नवी प्रक्रिया निर्माण करणे, दुसरा प्रोग्रॅम चालवणे, इतरांच्या प्रक्रियांची माहिती पाहणे या सामान्य वापरकर्त्याला आपोआप मिळणाऱ्या गोष्टींनाही विशेषाधिकारांचा दर्जा देऊन त्यांचा 'मूलभूत' संच करण्यात आला. त्यामुळे रूट नसलेल्या वापरकर्त्याला अधिक काही देणे जसे शक्य झाले, तसेच त्याच्याकडून काही काढून घेणेही शक्य झाले. 'पीप्रिव्ह' ही आज्ञा कोणत्याही प्रक्रियेचे संच दाखवते आणि एखादी कृती कोणत्या अधिकाराच्या अभावी अडली हेही सांगू शकते.

८.२ एआयएक्स व एचपी-यूएक्स. आयबीएमच्या एआयएक्स ६.१ मध्ये, २००७ साली, भूमिकाधारित नियंत्रणाची विस्तारित व्यवस्था आली. ती चालू आहे की बंद, हे प्रणालीच्या एका गुणधर्मावरून कळते. म्हणजे सोय असूनही ती बंद असू शकते. एचपी-यूएक्सच्या ११आय मालिकेतही याच दशकात सूक्ष्म विशेषाधिकार व प्रक्रियांचे स्वतंत्र कप्पे यांची भर पडली.

८.३ फ्रीबीएसडी. रॉबर्ट वॉटसन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ट्रस्टेडबीएसडी प्रकल्पाने पॉझिक्स मसुद्यातील अनेक भाग फ्रीबीएसडीत आणले, परंतु त्यातील केपेबिलिटींचा भाग मुख्य प्रणालीत रुजला नाही. २०१० मध्ये मांडलेल्या कॅप्सिकम या रचनेने १९६६ च्या मूळ अर्थाकडे वळून, वस्तूचा निर्देश आणि अधिकार पुन्हा एकत्र आणले. २०१२ च्या फ्रीबीएसडी ९.० मध्ये ती समाविष्ट झाली. कर्नलमध्ये ती घातलेली नसल्यास संबंधित प्रणाली-हाक 'ही सोय उपलब्ध नाही' असे स्पष्ट उत्तर देते. त्याचबरोबर एक सावधगिरीची सूचनाही यातून मिळते. 'केपेबिलिटी' हा शब्द लिनक्स व फ्रीबीएसडी येथे दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. म्हणून केवळ नाव सापडले याचा अर्थ सोय सापडली, असा होत नाही.

८.४ बांधणीच्या वेळची तपासणी. १९९१ पासून प्रचारात आलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने प्रोग्रॅमची बांधणी करतानाच यंत्राची चाचपणी करण्याची रीत रूढ केली. आवश्यक शीर्ष-फाईल व कार्ये आढळली की सोय उपलब्ध आहे, असे मानले जाते. ही रीत उपयुक्त असली तरी तिचे उत्तर बांधणीच्या यंत्रापुरते खरे असते. तयार झालेला प्रोग्रॅम हजारो निराळ्या यंत्रांवर वाटला जातो, तेथे कर्नल निराळा असू शकतो. सेंडमेलच्या घटनेतील दोष तर अशा तपासणीत सापडणे अशक्यच होते. कारण तेथे सर्व कार्ये जागेवर होती आणि ती यशाचेच उत्तर देत होती.

९. लिनक्स : उत्तराचे थर

लिनक्समधील पुढील विकास असे दाखवतो की, एकाच प्रणालीतही या प्रश्नाला एकावर एक रचलेले अनेक थर आहेत.

पहिला थर कर्नलच्या बांधणीचा. २०१५ च्या ४.१ या आवृत्तीपासून अगदी लहान यंत्रांसाठी अनेक वापरकर्ते, गट व केपेबिलिटी यांची सोयच वगळून कर्नल बांधता येतो. अशा यंत्रावर प्रत्येक प्रक्रिया रूटच असते आणि 'रूट नसलेला वापरकर्ता' ही कोटीच शिल्लक राहत नाही.

दुसरा थर आवृत्तीचा. केपेबिलिटींची विचारणा करणाऱ्या प्रणाली-हाकेला आपण कोणत्या आवृत्तीची भाषा बोलत आहोत हे सांगावे लागते. हे आवृत्ती-क्रमांक तारखांच्या स्वरूपात आहेत : १९९८ चा ३० मार्च, २००७ चा २६ ऑक्टोबर आणि २००८ चा २२ मे. अपरिचित क्रमांक दिल्यास कर्नल नकार देतो, मात्र त्याचवेळी स्वतःला मान्य असलेला क्रमांक लिहून परत पाठवतो. नकारातून माहिती देण्याची ही पद्धत या संपूर्ण इतिहासातील सुज्ञ पद्धतींपैकी एक म्हटली पाहिजे. ३.२ या आवृत्तीपासून कर्नलला ठाऊक असलेल्या शेवटच्या केपेबिलिटीचा क्रमांकही एका फाईलमधून वाचता येतो. २०२० मधील ५.९ या आवृत्तीपर्यंत केपेबिलिटींची संख्या ४१ झाली.

तिसरा थर फाईलींचा. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या कर्नलमध्ये फाईलला केपेबिलिटी जोडण्याची सोय ऐच्छिक स्वरूपात आली आणि २०१० मधील २.६.३३ पासून ती कायमची झाली. २०११ मध्ये फेडोरा १५ या वितरणाने अनेक प्रोग्रॅमवरील सेट-यूआयडीची खूण काढून त्यांना केवळ आवश्यक केपेबिलिटी देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच आधारावर. तथापि ज्या विभागाची जोडणी करताना सेट-यूआयडी निषिद्ध केली आहे, तेथील फाईलींच्या केपेबिलिटीही कर्नल विचारात घेत नाही. नेहमीच्या पद्धतीने प्रत काढल्यास मूळ फाईलच्या केपेबिलिटी प्रतीसोबत जात नाहीत. कर्नलचा होकार असूनही साठवणुकीचा नकार येऊ शकतो, तो असा.

चौथा थर खुद्द प्रक्रियेचा. रूट नसलेल्या प्रक्रियेने एखादी केपेबिलिटी मिळवली तरी तिने दुसरा साधा प्रोग्रॅम सुरू करताच ती गळून पडत असे. वारसायोग्य संच नावाला होता. फाईलवर तशीच नोंद नसेल तर त्याचा उपयोग होत नसे. अँडी लुटोमिर्स्की व क्रिस्टोफ लॅमीटर यांच्या प्रयत्नांतून २०१५ च्या नोव्हेंबरमधील ४.३ या कर्नलमध्ये 'अँबियंट' हा नवा संच आला आणि सामान्य वापरकर्त्याच्या प्रक्रियेला आपला निवडक अधिकार पुढे सोपवता येऊ लागला. १९९९ मध्ये दिलेले आश्वासन अशा रीतीने सुमारे सोळा वर्षांनी व्यवहारात पूर्ण झाले. उलटपक्षी, २०१२ मधील ३.५ या आवृत्तीपासून एखादी प्रक्रिया 'यापुढे नवे अधिकार नकोत' अशी खूण स्वतःवर कायमची लावू शकते. मग फाईलवरील केपेबिलिटीही तिला मिळत नाहीत.

पाचवा थर क्षेत्राचा. २०१३ मधील ३.८ या कर्नलपासून सामान्य वापरकर्ता स्वतःचे नामक्षेत्र निर्माण करून त्यात सर्व केपेबिलिटी मिळवू शकतो; परंतु त्या त्या क्षेत्रापुरत्याच लागू असतात. मूळ यंत्राची वेळ बदलणे त्याला शक्य होत नाही. म्हणजे प्रक्रियेच्या संचात केपेबिलिटी 'दिसणे' आणि इच्छित वस्तूवर ती 'चालणे' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

१०. सूक्ष्मतेची मर्यादा

विभाजन झाले म्हणजे तुकडे समान झाले, असे नाही. लिनक्समधील 'कॅप-सिस-अ‍ॅडमिन' ही केपेबिलिटी इतकी विविध कामे सांभाळते की, लिनक्सच्या अधिकृत संदर्भपुस्तिकेतच तिला 'नवा रूट' म्हणणे रास्त ठरेल, अशा आशयाचा इशारा दिलेला आहे. नवी कृती कोणत्या केपेबिलिटीखाली घालावी हे ठरत नसले की ती येथे जमा करण्याची सवय विकासकांना लागली. २०२० मध्ये ५.८ व ५.९ या आवृत्त्यांतून कार्यमापन, कर्नलमध्ये चालणारे लहान प्रोग्रॅम व प्रक्रियांचे पुनर्स्थापन यांसाठी वेगळ्या केपेबिलिटी काढण्यात आल्या, तो या सवयीवरील उतारा होता. त्यामुळे 'सूक्ष्म विशेषाधिकार आहेत काय' या प्रश्नाच्या पोटी 'ते खरोखर सूक्ष्म आहेत काय' हा दुसरा प्रश्न दडलेला आहे. कुलमुखत्यारपत्राचे चाळीस तुकडे केले आणि त्यांतील एका तुकड्यावर अर्धी इस्टेट लिहिली, तर विभाजनाचा हेतू तितक्याच प्रमाणात विफल होतो.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अधिकार विभागण्याची कल्पना युनिक्सच्या आधीची आहे आणि व्हीएमएसने ती १९७८ मध्येच प्रत्यक्षात आणली होती. युनिक्स-परंपरेत तिला झालेल्या विलंबाचे कारण तांत्रिक अशक्यता नसून, साधेपणाचे आकर्षण आणि सेट-यूआयडीसारख्या सोयीच्या उपायाचे यश हे होय.

२) १९९८ मध्ये पॉझिक्सचा मसुदा मागे घेतला गेल्याने कल्पना टिकली, परंतु तिच्याविषयी विचारण्याची समान भाषा निर्माण झाली नाही. त्याचा भार प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर पडला.

३) सूक्ष्म विशेषाधिकारांची उपलब्धता ही एकच गोष्ट नाही. कर्नलची बांधणी, आवृत्ती, फाईलींची साठवण, प्रक्रियेची स्थिती व अधिकाराचे क्षेत्र या प्रत्येक थराचे उत्तर स्वतंत्रपणे मिळवावे लागते. यांपैकी एका थराचा होकार इतरांची हमी देत नाही.

४) सेंडमेलच्या घटनेवरून असे दिसते की, अधिकार मिळाला काय यापेक्षा अधिकार सुटला काय, याची खातरजमा अधिक महत्त्वाची आहे. न मिळालेला अधिकार काम अडवतो, म्हणून तो लगेच लक्षात येतो. न सुटलेला अधिकार काम अडवत नाही आणि म्हणूनच तो गैरहेतूने शोधणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतो.

संगणकशास्त्राच्या अध्यापनात संचालन प्रणालींचा अभ्यास करताना रूट व सामान्य वापरकर्ता ही द्विभागणी शिकवून पुढे जाण्याचा प्रघात आहे. तिच्या जोडीला विद्यार्थ्यांकडून एक लहान प्रात्यक्षिक करून घेता येईल. प्रोग्रॅमने एखादा अधिकार सोडावा, प्रणालीचे 'यशस्वी' हे उत्तर नोंदवावे आणि त्यानंतर तोच अधिकार पुन्हा वापरून पाहावा. पहिल्या दोन पायऱ्या बहुतेक पाठ्यक्रमांत बसतात. तिसरी पायरी २००० सालच्या त्या दोषामुळे शिकावी लागली आणि अधिकारविभाजनाचा दावा करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेची कसोटी तीच आहे.